मल्लविद्येचीं दोन कुळें : ग्रंथ आणि तालीम

१. आपल्याकडे मल्लविद्येच्या इतिहासाविषयीं दोन मतें रूढ आहेत. एका मताप्रमाणें आजची कुस्ती भीम-जरासंधांच्या काळापासून अखंड चालत आलेली आहे. दुसऱ्या मताप्रमाणें कुस्ती, पहिलवान, तालीम, उस्ताद, खुराक हे सारेच शब्द फारसी-अरबी असल्यामुळें ही विद्याच मुसलमानी अमदानींत बाहेरून आली. पहिलें मत अभिमानी मंडळींना प्रिय आहे, दुसरें कोशांवर विसंबणारांना. दोन्ही मतांचा आधार मुख्यतः शब्दांचा आहे. आणि शब्द हा या प्रकरणीं दुबळा साक्षीदार होय. दरबार बदलला कीं विद्येचें नांव बदलतें, पण त्यायोगें ती जाणणाराचे हातपाय बदलत नाहींत.

ज्यांनीं अनेक वर्षें हौदांतली माती अंगास लाविली, आणि पुढें त्याच विषयाच्या पोथ्या व छापील ग्रंथ चाळण्याचा नाद ज्यांस लागला, अशा आम्हांस या वादांत एक निराळी कसोटी सुचवावीशी वाटते. ती अशी कीं, कोणत्याहि मल्लप्रकाराचें कूळ ठरवितांना त्यांत जय कशाला म्हणतात हें प्रथम पाहावें. पाठ मातीला लागली म्हणजे जय, कीं रक्त निघालें म्हणजे जय, कीं प्रतिपक्ष्यानें हार कबूल केली म्हणजे जय? या एका प्रश्नाच्या उत्तरावर डाव, पवित्रा, व्यायाम, आहार व आखाड्याची जमीन हीं सारीं अवलंबून असतात. ही कसोटी लावून पाहतां आपल्या मल्लविद्येचीं निदान दोन कुळें स्पष्ट दिसतात, व महाराष्ट्रांतील तालीम हें त्यांच्या संगमाचें एक स्थळ ठरतें.

२. दक्षिणेंतील ग्रंथस्थ पुराव्यांत अग्रमान कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लासा'स द्यावा लागतो. शके १०५१ च्या सुमारास रचिलेल्या या ग्रंथाचे वीस वीस अध्यायांचे पांच भाग आहेत. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकर यांनीं संपादिलेले त्याचे तीन खंड १९२५, १९३९ व १९६१ या सालीं प्रसिद्ध झाले. यांतील 'मल्लविनोद' प्रकरणांत वय, अंगलट व बळ पाहून मल्लांचे वर्ग पाडिले आहेत. राजानें त्यांस कडधान्यें, मांस, दूध, साखर व मिष्टान्नें पुरवावीं आणि अंतःपुरांतील स्त्रियांपासून दूर ठेवावें, असें सांगितलें आहे. तसेच त्यांचे 'श्रम' म्हणजे व्यायाम दिले आहेत : ओझें वाहण्या-उचलण्याचा भारश्रम, चालण्याचा भ्रमणश्रम, पाण्यांतला सलिलश्रम, बाहूंच्या रेटारेटीचा बाहुपेल्लणकश्रम आणि खांबावरचा स्तंभश्रम.

हे पांच श्रम तालमीच्या दृष्टीनें वाचले तर त्यांचा रोख उघड होतो. ओझ्यानें कंबर व मांड्या तयार होतात. चालण्यानें व पोहण्यानें दम वाढतो. बाहूंच्या रेट्यानें खांदे, आणि खांबानें हातापायांची मिठी. ठोसा बळकट करणारा श्रम यांत एकहि नाहीं. ज्या राजाच्या पदरीं हे मल्ल होते त्याच्या आखाड्यांत धरणें, उचलणें व पाडणें यांस प्राधान्य असलें पाहिजे, असें अनुमान आम्ही यावरून काढतों. शस्त्रधारी द्वंद्वाचें प्रकरण 'अंकविनोद' म्हणून वेगळें दिलेलें आहे, ही गोष्टहि याच अनुमानास पोषक आहे.

मात्र या प्रकरणाची एक मोठी उणीव अभ्यासकांनीं ध्यानांत ठेवावी. डावांचीं नांवें ग्रंथकार देतो, पण डाव कसा करावा हें सांगत नाहीं. त्या काळच्या वाचकास तें सांगण्याची गरजच नसावी. नांव उच्चारतांच डाव डोळ्यांपुढें उभा राहणारीं माणसें राजवाड्यांत होतीं. आज तीं नाहींत. नांव शिल्लक आहे आणि डाव हरवला आहे, असा हा प्रकार आहे.

३. दुसरा महत्त्वाचा ग्रंथ 'मल्लपुराण'. हा गुजरातेंतील मोढेरा येथील ज्येष्ठीमल्ल नांवाच्या ब्राह्मण ज्ञातीचा ग्रंथ. त्यांची कुलदेवता निंबजा अथवा लिंबजा. सांडेसरा व मेहता यांनीं संपादिलेली त्याची प्रत वरील ग्रंथमालेंतच १९६४ सालीं छापली गेली. आखाडा कसा सिद्ध करावा, कोणत्या ऋतूंत काय खावें, मल्लांची लक्षणें कोणतीं, हें सारें यांत आहे. श्रमांच्या यादींत स्तंभश्रम येथेंहि आहे. शिवाय मोठ्या दगडी कड्याचा 'गोनितक' आहे, आणि 'ऊहापोहश्रम' म्हणजे डावांची चर्चा हाहि एक श्रम गणिला आहे. तालमीच्या कट्ट्यावर सायंकाळीं बसून वस्ताद मंडळी आदल्या दिवशींच्या कुस्तीची जी चिरफाड करतात, तिला इतकें भारदस्त नांव पूर्वीं होतें हें पाहून कोणाहि पहिलवानास समाधान वाटेल.

'मानसोल्लास' वरिष्ठ वर्गाच्या मल्लास 'ज्येष्ठिक' म्हणतो. गुजरातेंत ज्येष्ठी आणि म्हैसूरकडे जेट्टी, हीं त्याच शब्दाचीं रूपें होत. परंतु नांवाच्या या साम्यावर विसंबून भागत नाहीं. येथें आमची कसोटी लावून पाहावी. जेट्टींचें प्रसिद्ध युद्ध म्हणजे वज्रमुष्टी. डोक्याचें मुंडण करून, लंगोट कसून, उजव्या मुठींत शिंगाचें अथवा हस्तिदंताचें दातेरी आयुध धरून दोघे परस्परांशीं भिडतात, आणि डोक्यांतून रक्त निघतांच निकाल लागतो. म्हैसूरच्या राजवाड्यांत दसऱ्यास हा विधि अजूनहि होतो. लुई रूसेले नांवाच्या फ्रेंच प्रवाशानें खंडेराव गायकवाडांच्या कारकीर्दींत (१८५६–१८७०) बडोद्यास अशाच जातीचें, शिंगाचीं नखें हातांत धरून केलेलें युद्ध पाहून त्याचें वर्णन लिहून ठेविलें आहे.

या कुळाचा आणखी जुना साक्षीदार म्हणजे पोर्तुगीज प्रवासी डोमिंगो पाएस. कृष्णदेवरायाच्या विजयनगरांत इ. स. १५२० च्या सुमारास त्यानें नवरात्राचा उत्सव पाहिला. तेथील मल्लयुद्ध आपल्या देशच्या कुस्तीहून वेगळें आहे, त्यांत दांत पडतात, डोळे जातात व चेहरे विद्रूप होतात, अशा अर्थाचें त्याचें म्हणणें आहे. पाडापाडीहि होतेच, व निवाडा करण्यास पंच असतात, हेंहि तो सांगतो. म्हणजे मुष्टिप्रहार व मल्लबंध एकाच द्वंद्वांत नांदत होते. हरिवंशांत चाणूराच्या जोडीला जो मल्ल येतो त्याचें नांवच मुष्टिक आहे, हें येथें आठवावें. प्रहाराचें हें कूळ जुनें आहे, आणि गुजरातेपासून कर्नाटकापर्यंत त्याचा विस्तार होता.

४. आतां दुसरें कूळ. यांत जय म्हणजे प्रतिपक्ष्यास चीत करणें. दोन्ही खांदे मातीस लागले कीं कुस्ती संपली. ठोसा वर्ज्य आणि शस्त्र वर्ज्य. आपल्या तालमींतील कुस्ती ती हीच. हिच्या परिभाषेंत फारसी शब्दांचा भरणा आहे यांत संशय नाहीं. कुस्ती व पहिलवान हे शब्द तर फारसी आहेतच. परंतु ज्याला आपण 'जोर' काढणें म्हणतों तो जोर आणि इराणांतील व्यायामशाळेचें 'झूरखाना' हें नांव यांतील जोर एकच. आज शाळकरी मुलींच्या हातीं खुळखुळणारी लेझीम ही मूळची इराणी धनुर्धाऱ्यांची, साखळी लाविलेली सरावाची कमान. उलट 'आखाडा' हा शब्द संस्कृत अक्षवाटापासून निघाला आहे, आणि मुद्गल, दंड, मल्लखांब हे शब्दहि आपलेच. म्हणजे एकाच वास्तूंत दोन्ही भाषांचे शब्द शेजारीं शेजारीं राहतात.

हा शेजार कोठें जमला असावा याचें एक उत्तम चित्र 'ऐन-इ-अकबरी'त मिळतें. अकबराच्या दरबारीं इराणी व तुराणी मल्ल व मुष्टियोद्धे होते, हिंदुस्थानचे पहिलवान होते, आणि गुजरातेंतील निष्णात मल्ल होते, असें अबुल फझल लिहितो. रोज तोडीस तोड अशी एक जोडी लढे. त्यांचें मासिक वेतन ७० पासून ४५० दामांपर्यंत असे. त्यानें दिलेल्या नामावळींत गीलानचा मिर्झाखान व तब्रीझचा महंमद कुली यांच्या पंक्तीला गणेश, श्रीराम व बलभद्र हींहि नांवें आहेत. रोज एकमेकांशीं भिडणाऱ्या या माणसांनीं आपापले डाव केवळ आपल्यापाशीं ठेविले असतील ही गोष्ट अशक्य. ज्याच्यावर डाव होतो तो दुसऱ्या दिवशीं त्याची तोड घेऊन येतो, आणि तिसऱ्या दिवशीं तो डाव स्वतःच करूं लागतो. आखाड्यांतील विद्या अशीच पसरते.

'डाव' आणि 'तोड' ही जोडी मात्र कोणा परकीयाची देणगी नव्हे. विराटपर्वांतील भीम व जीमूत यांच्या युद्धाच्या प्रचलित पाठांत 'कृत' व 'प्रतिकृत' अशी नेमकी हीच जोडी आली आहे. नांवें फारसी झालीं, नवे डाव आले, व्यायामाचीं साधनें वाढलीं. पण प्रत्येक कृतीस प्रतिकृति असते हा या विद्येचा कणा जुनाच राहिला. म्हणून आरंभीं दिलेलीं दोन्ही मतें आम्हांस अपुरीं वाटतात.

५. दोन्ही कुळांच्या शिक्षणक्रमाची तुलना केली म्हणजे कसोटीचें सामर्थ्य अधिक पटतें. चीत होणें हीच हार असल्यामुळें कुस्तीच्या पहिलवानाची सारी मेहनत मान, खांदे व पाठ यांकडे जाते. जोर काढतांना शरीर धनुष्यासारखें वांकून पुढें सरकतें, त्यानें खांदे व पाठ एकजीव होतात. बैठकांनीं मांड्या भरतात, कारण पट काढण्यास खालीं जावें लागतें व उचलून वर यावें लागतें. मान व टांचा यांवर अंग तोलून पाठ अधर ठेवण्याचा सराव वर्षानुवर्षें करावा लागतो. तेल, ताक, हळद, लिंबू व काव घालून मळलेली मऊ माती ही तर या कुळाची गरजच आहे. धोबीपछाड किंवा कलाजंग कठीण जमिनीवर रोज खेळला तर हाडें टिकावयाचीं नाहींत. ती माती फावड्यानें उकरणें हाहि नव्या पोरांचा पहिला व्यायाम असतो.

प्रहाराच्या कुळांत डोकें वाचविणें हें पहिलें कर्तव्य. तेथें अंतर राखण्याला किंमत आहे. कुस्तींत अंतर मोडण्याला. तेथें द्वंद्व थोडक्यांत आटोपतें, म्हणून दमापेक्षां नजर मोठी. येथें जुनी निकाली कुस्ती तास तास चाले, म्हणून दम हेंच भांडवल. असें असूनहि दोन्ही कुळांच्या मेहनतीची पूर्वतयारी पुष्कळशी एकसारखी दिसते. पाएसनें दिलेली कृष्णदेवरायाची दिनचर्या पाहावी. पहांटे तिळाचें तेल पिणें, तेंच अंगास चोळणें, दोन्ही हातांनीं मातीचीं जड वजनें उचलणें, घाम निघेपर्यंत तलवार फिरविणें, मग एका मल्लाशीं झुंजणें व शेवटीं घोड्यावर रपेट. तेलाच्या जागीं दूध-बदाम व तलवारीच्या जागीं मुद्गल घातला कीं कोल्हापूरच्या कोणत्याहि तालमींतील क्रम ओळखीचा वाटेल. यावरून आम्ही असें म्हणतों कीं, मेहनतीचें साम्य हें कुळाच्या ऐक्याचें प्रमाण धरूं नये. देह सर्वत्र एकच असल्यामुळें मेहनत सारखी होते. भेद जयाच्या व्याख्येंत असतो.

६. मल्लखांबाचा प्रश्न याच दृष्टीनें सुटण्यासारखा आहे. परंपरा सांगते कीं, दुसऱ्या बाजीरावाच्या वेळीं निजामाकडून अली व गुलाब नांवाचे दोन मल्ल पुण्यास आव्हान घेऊन आले. तेव्हां बाळंभटदादा देवधर यांनीं सप्तशृंगीच्या कृपेनें मल्लखांबाची विद्या मिळवून त्यांस जिंकलें. दुसऱ्या बाजूस सोमेश्वराचा स्तंभश्रम बाजीरावाच्या साडेसहाशें वर्षें आधींचा आहे. एवढ्यावरून बाळंभटदादांची कथा खोटी ठरवावी काय? आमच्या मतें नाहीं. स्तंभश्रम हा पुष्कळ श्रमांपैकीं एक श्रम होता. पेशवाईअखेर महाराष्ट्रांत त्याच खांबास बोंड, मान व अंग असे निरनिराळे भाग कल्पून, प्रत्येक भागास योग्य अशा पकडी, अढ्या, तेढ्या, दसरंग व सुईदोरे यांची क्रमवार मांडणी झाली, आणि एक स्वतंत्र शास्त्र उभें राहिलें. खांब जुना व शास्त्र नवें, असें मानल्यास ग्रंथाला व परंपरेला दोघांनाहि न्याय मिळतो.

खांबाला पाठ नाहीं, तो चीत होत नाहीं. म्हणून मल्लखांबांत जयच नाहीं. तो कुस्तीचा सेवक आहे. अढी घालून पायांची मिठी मारण्याची जी संवय खांबावर लागते, ती सवारीच्या वेळीं उपयोगी पडते. हा अनुभव ज्यांनीं दोन्ही केलें आहे त्या प्रत्येकाचा आहे. पुढें मल्लखांबाच्या स्वतंत्र स्पर्धा सुरू झाल्या व गुणांवर निकाल लागूं लागला, तेव्हां त्याचें स्वरूपहि पालटलें आणि डौलाला महत्त्व आलें. जयाची व्याख्या बदलली कीं विद्या बदलते, या आमच्या म्हणण्याला याहून स्वच्छ उदाहरण सांपडणें कठीण.

७. भीमसेनी, हनुमंती, जांबुवंती व जरासंधी असे मल्लयुद्धाचे चार प्रकार सांगण्याची वहिवाट आहे. भीमसेनींत बळ, हनुमंतींत डाव व चपळाई, जांबुवंतींत हातपाय जखडून प्रतिपक्ष्यास हार कबूल करावयास लावणें, व जरासंधींत अवयव मोडणें, अशी त्यांची विभागणी. हे चार वेगवेगळे संप्रदाय होते व त्यांचे चार आखाडे होते, असें समजण्याकडे कित्येकांचा कल असतो. परंतु पहिलीं दोन नांवें जयाची रीत सांगत नाहींत, जय मिळविण्याचें साधन सांगतात. एकाच कुस्तींत भारी गडी भीमसेनी लढतो व हलका हनुमंती. शेवटचीं दोन मात्र जयाची व्याख्याच सांगतात, आणि तीं चीत करण्याच्या कुस्तीहून भिन्न आहेत. म्हणून ही चौकडी एकाच पातळीवरची नव्हे, दोन निरनिराळ्या मोजमापांची सरमिसळ आहे. पोथींत हीं नांवें आढळलीं तर कुठल्या अर्थानें आलीं आहेत हें संदर्भ पाहून ठरवावें.

८. हा सारा विचार केवळ भूतकाळापुरता राहिला असता तर आम्ही इतका आग्रह धरला नसता. जयाची व्याख्या आपल्या डोळ्यांदेखत बदलली आहे. शाहू छत्रपतींनीं कोल्हापुरास बांधलेलें खासबागेचें मैदान १९१२ सालीं पुरें झालें, तेव्हां कुस्ती म्हणजे मातीवरची निकाली कुस्ती हेंच समीकरण होतें. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकांत सहावे आले, ते मुख्यतः मातींत तयार झालेल्या अंगानें. चार वर्षें गादीच्या नियमांचा अभ्यास करून १९५२ सालीं हेलसिंकीस त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. त्यांच्या यशानें जें सिद्ध झालें तें असें कीं, मातींतली विद्या गादीवर चालते, पण तशीच्या तशी चालत नाहीं. १९६१ पासून भरणाऱ्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेंत आज माती व गादी असे दोन विभाग आहेत.

गादीवर वेळ बांधलेला असतो व गुण मोजतात. तेथें ज्या डावास गुण अधिक तो डाव वाढतो. ज्यास वेळ फार लागतो तो मागें पडतो. तरुण पहिलवानांनीं गादी सोडावी असें आम्ही कधींहि म्हणणार नाहीं. देशाचें नांव तेथेंच राखलें जातें. पण नमाजबंद, मच्छीगोता, मुलतानी, पोकळ घिस्सा, मोळी यांपैकीं कित्येक डाव आज नांवानें ऐकूं येतात आणि हौदांत क्वचित् दिसतात. आणखी एक पिढी गेली म्हणजे त्यांचीं नांवें सोमेश्वराच्या यादीशेजारीं जाऊन बसतील. पुढचा अभ्यासक 'मच्छीगोता' हा शब्द वाचून माशाचा कांहीं संबंध असावा एवढेंच टिपून ठेवील.

९. बडोद्याच्या दत्तात्रेय चिंतामण मजुमदार यांनीं १९३६ ते १९४९ या काळांत दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' सचित्र प्रसिद्ध करून या बाबतींत फार मोठें कार्य केलें. त्यांनीं माणसें जिवंत असतांना डाव टिपले. सोमेश्वराच्या ग्रंथांत जी उणीव राहिली ती त्यांनीं आपल्या काळापुरती भरून काढली. परंतु एका कोशांत सर्व गांवांच्या रीती मावत नाहींत. एकच डाव कोल्हापुरास एका नांवानें व पुण्यास दुसऱ्या नांवानें चालतो. कोठें नांव तेंच व डाव निराळा.

म्हणून हस्तलिखितांच्या संग्राहकांस आमची विनंति अशी आहे. जुनें दप्तर सोडवितांना सनदा व पत्रें बाजूस काढून खर्चाच्या वह्या रद्दींत टाकूं नयेत. पहिलवानांच्या खुराकाची, लंगोटाची, तेलाची, बक्षिसाच्या पागोट्याची नोंद असलेला एक बंद हाहि या इतिहासाचा पुरावा आहे; कोणास किती दूध लागे यावरून त्याचा वर्ग कळतो, आणि मैदानाच्या दिवशींच्या खर्चांत वैद्याचें नांव आलें तर लढत कोणत्या कुळाची होती याचाहि माग लागूं शकतो. एखाद्या वस्तादाच्या घरीं डावांची वही असल्यास तिची नक्कल करतांना वही घेऊन त्याच गांवच्या तालमींत जावें, म्हातारा पहिलवान गांठावा, आणि प्रत्येक नांवापुढें डाव करवून घेऊन हात कोठें, पाय कोठें, तोड काय, हें लिहून घ्यावें. शक्य तर छायाचित्र घ्यावें. एका माणसास करून दाखवितां येत नाहीं, दोन लागतात. म्हणून त्याचा जोडीदार हयात असतांनाच हें काम उरकावें. पोथी शंभर वर्षें पेटींत राहिली तरी वाचतां येते, डावाचें तसें नाहीं.